थोमाचा रविवार

माझ्या वडिलांनी थोमाचं कीर्तन जन्मभर केलं, पण दोन तऱ्हांनी. आधीच्या कीर्तनात एक विनोद असायचा, नंतरच्या कीर्तनात तो नसायचा. बाकी सगळं तेच, तीच पदं, तोच राजा, तोच महाल, तोच भाला. आमच्या भागातली जुनी ख्रिस्ती माणसं आता फारशी उरली नाहीत, पण जी आहेत ती लग्नकार्यात भेटली की हमखास विचारतात, "रूत, मास्तर ती बाजाराची गंमत करायचे बघ, माणसं लोटपोट व्हायची. नंतर कामून सोडली गं ती?" मी म्हणते, वय झालं होतं, विसरले असतील. हे साफ खोटं आहे. बाबा शेवटी शेवटी औषधाच्या गोळ्या विसरायचे, माझ्या नवऱ्याचं नाव विसरायचे, पण कीर्तनातला एक शब्द कधी विसरले नाहीत. आता माझंही वय त्या विचारणाऱ्यांच्या बरोबरीचं झालंय, तेव्हा एकदाचं खरं काय ते लिहून टाकते.

आमचं गाव देवणीच्या वाटेवर. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आणि तिला लागून आमची दहाबारा ख्रिस्ती घरं. बाबा त्या घरांचे मास्तर होते, म्हणजे रविवारची उपासना घ्यायची, पोरांचे बाप्तिस्मे करायचे, लग्नं लावायची, माणसं पुरायची, आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या कुणालाही अर्ज लिहून द्यायचे. पण बाबांचा खरा जीव होता कीर्तनात. ख्रिस्ती माणसं कीर्तन करतात हे पुढे नर्सिंगला गेल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना मी थापा मारते असं वाटलं. पण आमच्याकडे करत असत. धोतर, कोट, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, मागे झांजा आणि ढोलकी, आणि सांगायची ती गोष्ट प्रभूची किंवा प्रभूच्या एखाद्या शिष्याची. बाबांकडे सगळ्यांच्या गोष्टी होत्या, पण लोक लांबून चालत यायचे ते शिष्यांतल्या थोमाच्या कीर्तनाला. पुनरुत्थानाचा सण झाला की त्याच्या पुढच्या रविवारी हे कीर्तन व्हायचं, म्हणून आमच्या वस्तीत त्या दिवसाला थोमाचा रविवार म्हणत. त्या दिवशी प्रार्थनेच्या खोलीत माणसं मावत नसत. बौद्ध वस्तीतली बायकामाणसं दाराबाहेर पोती अंथरून बसायची, आणि गावातले दोनचार शेतकरीसुद्धा, आम्ही आपले सहज आलो होतो असा चेहरा करून, भिंतीला टेकून उभे राहायचे.

बाबांचा थोमा मोठा झकास माणूस होता. प्रभू त्याला म्हणतो, तू हिंदुस्थानात जा आणि माझी सुवार्ता सांग. थोमा म्हणतो, मला नाही जमायचं, मला तिकडची बोली येत नाही, तिकडचं ऊन सोसणार नाही. मग प्रभू काय करतो, तर त्याला चक्क एका व्यापाऱ्याला विकून टाकतो. इथे बाबा दोन्ही हात झटकायचे आणि माणसं हसायची. थोमा जहाजातून येतो. इथला राजा विचारतो, तुला येतं काय? थोमा म्हणतो, मी मिस्त्री, घर बांधतो. राजा त्याला महाल बांधायला खजिना देतो आणि थोमा तो सगळा खजिना गोरगरिबांत वाटून टाकतो. काही दिवसांनी राजा महाल बघायला येतो. बाबांचा राजा निजामाच्या वेळच्या अंमलदारासारखा बोलायचा, "क्यों रे मिस्त्री, हमारा महल किधर है?" आणि थोमा नुसतं वर बोट दाखवायचा. राजा चिडून त्याला कैदेत टाकतो. मग राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात जातो आणि तिथे बघतो तर थोमानं बांधलेला महाल उभा. त्यानंतर राजाचा विश्वास, थोमाचं दक्षिणेकडे जाणं, डोंगरावरची प्रार्थना आणि पाठीत भाला. भाल्याच्या वेळी बाबा चिपळ्या खाली ठेवायचे आणि बायकांमधून नाक ओढल्याचे आवाज यायला लागायचे.

पण ही झाली पुढची गोष्ट. कीर्तनाची सुरुवात व्हायची ती यरुशलेमातल्या बंद खोलीत. प्रभू मेलेल्यांतून उठून शिष्यांना भेटायला येतो आणि त्या वेळी नेमका थोमा तिथे नसतो. बाबा थांबायचे, कपाळावर आडवा हात धरून सगळ्या माणसांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "थोमा कुठं गेला? अरे, थोमा कुठं गेला? आज उदगीरचा बाजार हाय का?" हीच ती गंमत. दर वर्षी तीच, आणि दर वर्षी माणसं पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. मग बाकीचे शिष्य थोमाला सांगतात, प्रभू जिवंत आहे, आणि तो म्हणतो, त्याच्या हातावरच्या खिळ्यांच्या जागी मी माझं बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा येतो, हात पुढे करतो, थोमा बोट घालतो आणि मानतो. बाबा त्याच्यावर रागवायचे, त्याला हट्टी म्हणायचे, तीन वर्षं गुरूबरोबर राहून हेच शिकलास का म्हणून खडसवायचे.

माझ्या आईला, मायला, हे कधीच पटलं नाही. तिचं नाव मार्था, गावानं त्याचं मारताबाई केलं होतं, आणि ती कुणाला जन्मात मारणारी नव्हती. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "नव्हता तर नव्हता बिचारा. येकानं जाऊन बलवून आनायचं हुतं की. स्वता बगून बसले आन त्याला वर बोल लावले." बाबा म्हणायचे, "अगं, तसं लिवलेलं न्हाई." ती म्हणायची, "मंग लिवनाऱ्यानं बी इचारलं न्हाई." शेजारची गयामावशी, बौद्ध वस्तीतली, मायची जिवाभावाची मैत्रीण, ती मायच्या बाजूनं उभी राहायची. "आमच्या बुद्धानं बी तेच सांगितलंय, मास्तर. पारखून घ्या, मंग माना. तुमचा थोमा आमच्यात आसता तर त्याला कुनी रागावलं नसतं." बाबा हसायचे आणि चहा मागायचे. त्या घरात वादाचा शेवट नेहमी चहावर व्हायचा, गूळ असला तर गुळाच्या आणि नसला तर नुसत्या काळ्या.

ढोलकीवर असायचा शमू. शमुवेल, माझा थोरला भाऊ. लहानपणी पाटलांच्या गोठ्यात कडबा कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापासून गेलं होतं. शमू त्या बोटाला 'हाफ तिकीट' म्हणायचा. एसटीत बसलो की ते बोट कंडक्टरपुढे नाचवून म्हणायचा, "मास्तर, माझं हाफ तिकीट." माय त्याला धपाटा घालायची आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची. त्या आखूड बोटामुळे त्याच्या ढोलकीची थाप जरा वेगळी पडायची, एका बाजूला मऊ. डोळे मिटून मला कुणी पन्नास ढोलक्या ऐकवल्या तरी शमूची मी ओळखली असती. अजूनही कुठे ढोलकी वाजली की माझे कान ती मऊ थाप शोधतात आणि ती सापडत नाही.

उस्मानाबादचा तुकडा पाडून लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या आसपासचा हा काळ. जिल्हा झाला म्हणजे साहेब आले, साहेब आले म्हणजे कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांना भिंती लागतात. तिकडे लातुरात भिंती उठत होत्या आणि इकडे आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली होती. खरिपाचं गेलं, रब्बीचं पेरलंच नाही. संक्रांतीपासून विहिरी तळाला लागल्या. पाटलांची देखणी देवणी जातीची जनावरंसुद्धा हाडं मोजून घ्यावीत अशी झाली. आमच्या घरात सकाळी हुलग्याचं माडगं आणि संध्याकाळी भाकरीबरोबर वाळवलेल्या अंबाडीची भाजी, तीही पातळ. टँकर यायचा तेव्हा त्याचा भोंगा माळावरूनच ऐकू यायचा आणि मग सगळ्या वस्तीभर कळश्यांचा नुसता खणखणाट. मायनं घरात वाटे ठरवून दिले होते. प्रत्येकाचा प्यायच्या पाण्याचा तांब्या वेगळा, त्यावर वाटी पालथी. दुसऱ्याच्या तांब्याला हात लावलेला तिला खपायचा नाही, मग ते बाबा का असेनात.

गयामावशीचा सिद्धार्थ लातूरला बांधकामावर जायला निघाला तेव्हा शमूही निघाला. बाबांच्या मनात नव्हतं. त्यांना शमूला बायबल शिकायला धाडायचं होतं, आपल्यामागे चिपळ्या त्यानं हातात घ्याव्यात असं फार होतं. शमू ट्रंकेत कपडे भरता भरता म्हणाला, "थोमा बी मिस्त्रीच हुता की, बाबा. दर साली तुमीच सांगताव." इतकी वर्षं बाबांनी ती गोष्ट इतक्या प्रेमानं सांगितली होती की मुलानं ती खरी मानली. माय मात्र म्हणाली, "सांगत आसतेत ते. थोमाला ऊन सोसत नव्हतं हे बी सांगत आसतेत." शमूनं हाफ तिकीट तिच्या गालाला लावलं आणि म्हणाला, "थोमाच्या रविवारी ढोलकी वाजवाया येतोच की. तवर कुनाला हात लावू देऊ नको तिला." ढोलकी खुंटीला टांगून तो गेला.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला त्याला सुट्टी मिळाली नाही. माणसाबरोबर त्यानं निरोप धाडला की पुढच्या शनिवारी नक्की. मायनं सणाच्या शेवयांतल्या मूठभर त्याच्यासाठी मागे ठेवल्या. मग आठवड्याच्या मधल्या एका दुपारी सिद्धार्थ एकटाच आला. मी उंबऱ्यात बसून जोंधळे निवडत होते. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ बाबांना हाक मारून भिंतीच्या आडोशाला नेलं. आमच्याकडची ही पद्धत आहे. वाईट बातमी बाईमाणसाला तोंडावर सांगायची नाही, आधी तब्येत बरी नाही म्हणायचं, मग जरा जास्त आहे म्हणायचं, आणि बाकीचं तिचं तिला कळू द्यायचं. सगळं दयेपोटी असतं. मी जन्मभर दवाखान्यात काढला, ही दया मी रोज बघितली आहे, आणि तिच्याइतका मला कशाचाच राग येत नाही. बाबा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता. मायला म्हणाले, "शमूला ऊन लागलंय. दवाखान्यात हाय. मी जाऊन घेऊन येतो." माय म्हणाली, "मी बी येते." बाबा म्हणाले, "तू येऊन काय करनार, मी घेऊन येतो की." असं ते दोनदा म्हणाले आणि फेटासुद्धा न बांधता निघाले.

शमू तेव्हा मेलेला होता. भर दुपारी स्लॅबवर काम करता करता तो घेरी येऊन पडला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दुपारी मायनं काय केलं, तर स्वतःच्या तांब्यातलं पाणी शमूच्या तांब्यात ओतलं, त्यावर वाटी पालथी घातली आणि म्हणाली, "उनाचा येईल, तहानंला आसंल." दुसऱ्या दिवशी दिवस कलायला बाबा आणि सिद्धार्थ परत आले. दोघांचेही हात मातीनं माखलेले. बाबांच्या काखेत शमूची कपड्यांची पिशवी होती आणि तिच्यातून त्याच्या गिलावा करायच्या थापीची मूठ वर आलेली. बाबा ओट्याशी बसले आणि खाली बघत म्हणाले, "मार्था, आपला शमू प्रभूपाशी गेला. ऊन लई हुतं, देह टिकंना. तिथल्या मंडळींनी जागा दिली. मातीच्या स्वाधीन करून आलो." गयामावशीनं हंबरडा फोडला. मी तिला बिलगले. माय मात्र उभीच होती. तिनं बाबांच्या मागे बघितलं, रस्त्याकडे, कुणी येतंय का असं. मग म्हणाली, "तुमी मनलाव, घेऊन येतो. आना की मंग." बाबांनी पिशवी पुढे केली. माय म्हणाली, "ही थापी हाय. माझं पोरगं न्हाई."

त्या दिवसापासून ती रडली नाही. बायका येत, गळ्यात पडून रडत, आणि ती त्यांची समजूत घालायची, "आगं, दवाखान्यात हाय तो. ह्यांचं काय ऐकतीस." वेड लागलं म्हणावं तर बाकी सगळं ठीक होतं, भाकरी, झाडलोट, टँकरची रांग. फक्त शमूचा तांब्या ती रोज भरायची, आणि भरायची ती स्वतःच्या वाट्यातून. कालचं पाणी सकाळी आम्हाला वाटून द्यायचं, ताजं त्याच्या तांब्यात, आणि स्वतः ओठ ओले करण्यापुरतं. तिची जीभ कोरडी पडायला लागली, बोलताना शब्द टाळूला चिकटायला लागले. मी माझ्या तांब्यातलं तिला पाजायला गेले तर तिनं माझा हात असा झटकला की निम्मं पाणी भुईवर सांडलं, आणि मग ती त्या ओल्या भुईकडे बघत राहिली. मला तेव्हा इतकं कळलं की शमू गेलाच आहे, पण ही हेका सोडणार नसेल तर तीही जाणार. बाबा कोपऱ्यात बसून प्रार्थना करायचे. मी रागानं त्यांना म्हणाले, "प्रार्थना काय करताव, तिला पानी पाजा." ते म्हणाले, "माझ्या हातानं पीत न्हाई ती."

त्यातच थोमाचा रविवार आला. सगळे म्हणाले, मास्तर, यंदा राहू द्या. पण बाबांनी कोट चढवला, फेटा बांधला. माझी समजूत अशी की त्या माणसाला दुःख कुठे ठेवायचं हेच कळत नव्हतं, आणि त्यांना ठाऊक असलेली एकच जागा म्हणजे ते कीर्तन. खोली भरली होती, पण कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. ढोलकी घरी खुंटीवरच होती. नुसत्या झांजा वाजत होत्या आणि त्या भांड्यांसारख्या वाजत होत्या. माय बायकांमध्ये पुढे बसली होती, मांडीवर शमूचा तांब्या घेऊन, कारण घरात ठेवला तर कुणी पिईल. बाबांनी नमन म्हटलं, पहिलं पद म्हटलं. प्रभू बंद खोलीत आला, शिष्यांनी त्याला बघितलं. थोमा त्यांच्यात नव्हता. आणि बाबांचा हात सवयीनं कपाळावर गेला, नजर माणसांवरून फिरायला लागली, तोंडून सवयीनं निघून गेलं, "थोमा कुठं गेला? अरे, थोमा कुठं..." आणि ते थांबले. बाजारापाशी पोचलेच नाहीत.

माय उठून उभी राहिली. आमच्या खोलीत कीर्तन चालू असताना बाई उठून बोलली असं कधी झालं नव्हतं. तिचा आवाज कोरडा आणि बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी सांगते थोमा कुठं गेला. थोमा घरीच हुता. त्याला कुनी बलवलं न्हाई." मग बाबांकडे बोट करून म्हणाली, "ह्यांनी बगितलं. ह्यांनी हात लावला, ह्यांनी माती लोटली. मला मनले, तू येऊन काय करनार. आता मला मनतेत, मान. मी कशी मानू? मी त्याचा हात बगितल्याबिगर मानायची न्हाई." बाबांच्या हातातल्या चिपळ्या खाली पडल्या. ते गुडघ्यांवर बसले आणि मोठमोठ्यानं रडायला लागले, भरल्या मंडळीसमोर, फेट्यासकट. रडता रडता म्हणाले, "चुकलं माझं. उद्या तुला नेतो. उद्याच नेतो." कीर्तन तिथेच संपलं. त्या वर्षी राजा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही उदगीरला आणि तिथून लातूरला गेलो. बाबा, माय, मी आणि वाट दाखवायला सिद्धार्थ. मायच्या मांडीवर तांब्या, त्यावर वाटी, वाटीवर फडकं बांधलेलं. गाडी खड्ड्यात गेली की ती तांब्या दोन्ही हातांनी उचलून धरायची. गाडीत उकाडा मरणाचा. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं पाण्याचा आवाज ऐकून मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "माय, येक घोट दे की." दारी आलेल्या भिकाऱ्याला आपल्या ताटातली भाकरी देणारी माझी माय, तिनं तांब्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "हे वाट्याचं हाय, बाबा." म्हातारा पुन्हा पुढे वळला. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी आम्ही कबरस्थानात गेलो. शहराबाहेर, काटेरी बाभळींच्या मध्ये. मातीचा लांबट ढीग, त्यावर दगड आणि सुतळीनं बांधलेला लाकडी क्रूस. बाबा म्हणाले, "हितं हाय." माय ढिगाभोवती फिरली, वाकून एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, सोडून दिलं. "माती कुनाची बी आसती," ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं सगळं, आता हिला असंच परत न्यायचं. तेवढ्यात सिद्धार्थ खालच्या आवाजात बोलला. "काकू, त्याचा हात बगायचाय ना तुमाला? कामावर हाय. त्यानं उमटवून ठिवलाय. मिस्त्रीनं आजून तसाच ठिवला आसंल तर."

कुठल्याशा खात्याची ती इमारत अजून नुसता सांगाडा होती. सगळीकडे बांबूची परांची, वाळूचे ढीग आणि मध्ये सिमेंटची भली मोठी पाण्याची टाकी, काठोकाठ भरलेली. इतकं पाणी एका जागी मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मायनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शमूला काम शिकवणारा रशीद मिस्त्री पुढे आला, पिकल्या दाढीचा, खांद्यावर टॉवेल. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यानं मायकडे बघितलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आओ अम्मा." आम्हाला तो मागच्या जिन्यानं वर घेऊन गेला. वळणावर कठड्याच्या आतल्या अंगाला, खालून कुणाला दिसणार नाही अशा जागी, नव्या गिलाव्यावर ओलं पोतं टांगलेलं होतं. मिस्त्रीनं पोतं बाजूला केलं. "आदल्या दिवशी शाम को काम उरकल्या आन मला बोल्या, मामू, ये दिवार मेरी पहली, येक पंजा रहने दो. साब आके बोले, ये क्या है, घोटून टाक. मई नै घोट्या, अम्मा. दुसरे दिन तो बच्चाच गया, फिर कैसे घोटता?"

गिलाव्यात एक उजवा हात उमटलेला होता. अंगठा, चार बोटं, आणि मधलं बोट शेजारच्या दोन्ही बोटांपेक्षा आखूड. माय पायरीवर बसली. तिनं पदरानं त्या हातावरची धूळ टिपली, पोरांचं तोंड पुसावं तशी. मग आपला हात त्यावर ठेवला, एकेक बोट त्याच्या त्याच्या जागी. मधलं बोट बसेना. शमूचं जिथे संपत होतं तिथून तिचं पुढे जात होतं. तिनं ते वाकवलं, आत दाबलं. "हाफ तिकीट," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं ते रडणं मी इथे लिहू शकत नाही, मला ते जमणार नाही. खाली काम करणारी माणसं थांबली. बाबा तिच्याजवळ जाऊन बसले. माय त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमचा थोमा लई नशिबाचा वो. त्यानं बोट घातलं आन त्याला त्याचा जिता गावला. मी बोट घातलं आन माझा मेला."

बऱ्याच वेळानं मिस्त्रीनं पोतं उचललं. "झाकना पडता अम्मा. नवं सिमिट हाय. धूप में सुख्या तो तडकता. सवेरे-शाम पानी मारना पडता." मायनं त्याच्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या तांब्याचं फडकं सोडलं, वाटी काढून माझ्या हातात दिली आणि ते पाणी त्या हातावर हळूहळू ओतलं, आधी तळव्यावर, मग एकेका बोटात, सगळ्यात शेवटी आखूड बोटात. गिलावा काळा पडला आणि बघता बघता पुन्हा पांढरा व्हायला लागला. सगळं पाणी त्यानं पिऊन टाकलं.

"और लगेगा, अम्मा," मिस्त्री म्हणाला.

माय उठली. रिकामा तांब्या घेऊन ती जिना उतरली, टाकीपाशी वाकली. भरलेला तांब्या तिनं आधी तोंडाला लावला आणि तिथेच उभी राहून घटाघटा अर्धा संपवला. मग तो पुन्हा काठोकाठ भरून ती जिना चढायला लागली. आमची परतीची गाडी त्या दिवशी चुकली, आणि बाबांनी तिला एकदाही ऊठ म्हटलं नाही.